लपविलेले पान : आत्मकथनांतून दिसणारा स्त्रीभूमिकेचा इतिहास

१

'भूमिका' हा शब्द आपण रंगभूमीवरून उचलला. नट ती वठवितो आणि प्रयोग संपला की रंग पुसून घरी जातो. स्त्री किंवा पुरुष म्हणून समाजाने नेमून दिलेल्या भूमिकेला मात्र ही सोय नाही. ती जन्माबरोबर येते, पाळण्यातल्या नावाबरोबर चिकटते आणि वठविणाऱ्याला बहुधा ती भूमिका वाटतच नाही. हा आपला स्वभावच आहे, असे त्याला अखेरपर्यंत वाटत राहते. म्हणूनच तिचा इतिहास लिहिणे अवघड आहे. कायद्यांना तारखा असतात. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, संमतिवयाचा १८९१ चा, बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा, हे सांगता येते. पण सुनेच्या हातातले पुस्तक पाहून सासूने नाक मुरडणे केव्हा थांबविले, किंवा नवऱ्याने आपले ताट आपण उचलण्यास केव्हा आरंभ केला, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते.

ती नोंद आत्मकथनांत सापडते, आणि तीही बहुधा लिहिणारीच्या नकळत. पतीच्या थोरवीविषयी सांगता सांगता एखादी स्त्री आपण जेवावयास किती वाजता बसलो हे सांगून जाते. देवाची कृपा वर्णिताना आपण पोथी कोठे दडवून ठेविली होती ते बोलून जाते. इतिहासकाराला हवे असते ते नेमके हेच. प्रस्तुत लेखात एक बंगाली आणि काही मराठी आत्मकथने यांच्या आधारे मी एकच प्रश्न विचारणार आहे : वाचणाऱ्या, लिहिणाऱ्या स्त्रीला आपले पान कोणापासून लपवावे लागले? आणि ते लपविण्याची गरज संपली असेल, तर ती कशाने संपली?

या प्रश्नाला एक उपप्रश्न जोडून घेते. या पुस्तकांच्या शीर्षकांतील सर्वनामे पाहावीत. कोणी 'माझे' म्हटले, कोणी 'आमच्या'. आणि दोन पुस्तकांतले 'आम्ही' एकच असेल, असे मुळीच नाही.

२

राससुंदरी देवी यांचे 'आमार जीबन' १८७६ साली प्रसिद्ध झाले. बंगालीतील ते पहिले आत्मचरित्र समजले जाते. लेखिकेचा जन्म १८१० च्या आगेमागे पबना जिल्ह्यातील पोताजिया गावचा. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. बाराव्या वर्षी विवाह झाला. पुढे बारा मुले झाली आणि मोठ्या घराचा स्वयंपाक, देवपूजा, पाहुणे हे सारे एकटीच्या अंगावर पडले. सर्वांचे होता होता स्वतःचे जेवण राहून गेले आणि एका दिवसाचे दोन दिवस झाले, असा एक प्रसंग त्यांनी सांगितला आहे. त्यांच्या सांगण्यात कण्हणे नाही. घरात कोणाच्या ते लक्षातही आले नाही, एवढेच त्या नोंदवितात.

लहानपणी माहेरच्या बाहेरच्या घरात मुलांची शाळा भरे. तेथे राससुंदरींना नुसते बसवून ठेवीत. शिकवणे मुलांसाठी होते. पण अक्षरे कानांवर पडली आणि डोळ्यांत राहिली. पंचविशीच्या सुमारास 'चैतन्यभागवत' आपण स्वतः वाचावे, अशी ओढ त्यांना लागली. पोथीचे एक पान त्यांनी काढून घेतले. मोठा मुलगा ज्या ताडपत्रांवर अक्षरे गिरवी, त्यांतलेही एक मिळविले. दोन्ही स्वयंपाकघरात दडविली आणि चुलीपाशी सवड मिळेल तेव्हा एकातील अक्षर दुसऱ्याशी ताडून पाहिले. असे करीत त्या वाचावयास शिकल्या. लिहिणे बरेच पुढचे. दूर राहणाऱ्या मुलाने, आपल्या पत्रांना उत्तर का येत नाही असे विचारून कागद, दौत आणि लेखणी आणून दिली, तेव्हा त्यांनी लिहावयास हात घातला. वाचन चोरून झाले. लेखनाला मात्र मुलाच्या हट्टाचे निमित्त मिळाले.

आता मूळ प्रश्न. हे पान कोणापासून लपविले होते? पतीने वाचू नको असे बजावल्याचा उल्लेख ठळकपणे कोठे येत नाही. बायका शिकू लागल्या, आता कलियुग पुरते अवतरले, असे वडीलधाऱ्यांचे बोलणे मात्र कानांवर येई. साक्षर स्त्रीला वैधव्य येते, हा समजही त्या काळी बंगालात सर्वत्र होता. भीती अशी हवेतच भरून राहिलेली होती. याच पुस्तकातील एक लहानसा प्रसंग मला या सर्व चर्चेत मध्यवर्ती वाटतो. पतीचा जयहरी नावाचा घोडा एकदा अंगणात आला आणि धान्याच्या राशीला तोंड लावू लागला. राससुंदरींना पुढे होऊन त्याला हाकलता येईना. कारण तो पतीचा घोडा. त्याच्यासमोर आपण कसे जावे? पुढे त्यांना स्वतःलाच त्या संकोचाचे हसू आले.

भूमिका किती खोल जाते, याचे याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही. पती समोर नाही, सासू समोर नाही, कोणी रागावणार नाही. तरी पाय उचलत नाही. बाहेरची सक्ती आतल्या लाजेत मुरली की पहारेकऱ्याची गरज उरत नाही. त्या घोड्यासमोर थबकणारी स्त्री आणि चुलीपाशी पोथीचे पान उलगडणारी स्त्री एकच आहे, हे ध्यानात ठेवले तर त्या पानाची किंमत कळते. आणि अशा स्त्रीने आपल्या पुस्तकाला 'माझे जीवन' असे नाव दिले, हेही विसरता येत नाही.

३

महाराष्ट्रात चित्र वेगळे होते. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. रस्त्याने जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण आणि चिखल फेकला गेला. शिकणाऱ्या-शिकविणाऱ्या स्त्रीची गोष्ट येथे चुलीपाशी न राहता उघड्या रस्त्यावर आली. परंतु प्रतिष्ठित ब्राह्मण घरांच्या आतल्या चौकात पुस्तक पोहोचले ते निराळ्या वाटेने. ते नवऱ्याच्या आज्ञेतून पोहोचले.

१८७३ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाच्या चळवळीत ते अग्रभागी होते. त्यांनी स्वतः विधवेशी विवाह करावा, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. त्यांचे स्वतःचे वय तेव्हा एकतीस होते. या प्रसंगावर टीका पुष्कळ झाली आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली लक्षणीय गोष्ट अशी की, येथे भूमिकेच्या दोरीने बांधला गेला तो पुरुष होता. सुधारक ही त्याची निवडलेली भूमिका, मुलगा ही मिळालेली. दोहोंत संघर्ष आला तेव्हा मिळालेली भूमिका जिंकली. लिंगभेदाच्या इतिहासात पुरुष नुसताच आज्ञा देणारा नसतो. आज्ञा पाळणे हेही त्याच्या वाट्याला येते. फक्त त्याच्या आज्ञापालनाची किंमत पुष्कळदा दुसऱ्या कोणाला चुकवावी लागते.

ती अकरा वर्षांची मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक १९१० साली, पतीच्या निधनानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाले. लग्न होऊन घरी आल्याबरोबर रानड्यांनी त्यांच्या शिक्षणास आरंभ केला. दिवसा घरातील वडील बायकांचे राज्य आणि रात्री पतीचा अभ्यास, असे त्यांचे दोन भागांत विभागलेले आयुष्य सुरू झाले. रमाबाईंना येथे पुस्तक लपवावे लागते ते पुरुषापासून नव्हे, तर बायकांपासून. टोमणे, अबोला, चारचौघींत पाणउतारा हे सारे त्यांनी संयमाने लिहून ठेविले आहे. पुढे मुलींच्या हायस्कुलासाठी पुण्यात गव्हर्नरांपुढे इंग्रजी मानपत्र वाचण्याचा मान त्यांना मिळाला; घरी परतल्यावर वाट्याला आला तो बायकांचा कडवटपणा.

या बायकांना दुष्ट ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांच्या बाजूने क्षणभर पाहावे. एकत्र कुटुंबातील वडील स्त्रीच्या हाती एकच सत्ता होती : सोवळेओवळे, सणवार, स्वयंपाक आणि सुनांची शिस्त. ती तिने आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली राबून मिळविलेली असे. सून वाचू लागली की तिचा मान स्वयंपाकघरातून नवऱ्याच्या खोलीकडे सरकणार, हे त्यांना सुधारकांच्याही आधी कळले होते. त्यांचा विरोध अज्ञानातून आला तसा तो नेमक्या जाणिवेतूनही आला होता.

मग हा पेच सुटला कसा? १८७८ च्या सुमारास रानड्यांची नाशिकला बदली झाली आणि त्यानंतर धुळ्याला. पुण्यातील त्यांच्या सार्वजनिक कार्यामुळे सरकारची त्यांच्यावर वक्रदृष्टी होती आणि या बदल्यांमागे तेच कारण होते, असे मानले जाते. त्या संशयाचा एक परिणाम सरकारच्या स्वप्नातही नसेल. तरुण पती-पत्नींना स्वतःचे बिऱ्हाड मिळाले आणि दिवसाउजेडी पुस्तक उघडता आले. गोपाळराव जोशी टपालखात्यात होते. आनंदीबाईंचे शिक्षणही कल्याणहून अलिबाग, कोल्हापूर, भूज आणि कलकत्ता असे बदल्यांबरोबर फिरत राहिले. व्याख्याने आणि ठराव यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही सरकारी नोकरी, टपाल आणि आगगाडी यांनी जोडप्याला मोठ्या घरातून उचलून लहान घरात नेले, आणि पाहणारे डोळे कमी झाले तेव्हाच भूमिका सैल होऊ लागली, असे या पुस्तकांच्या आधाराने म्हणता येते.

४

मी बरीच वर्षे महाविद्यालयात रमाबाईंचे पुस्तक शिकविले. एका थोर पुरुषाने पत्नीला घडविले त्याची ही हकीकत, अशीच त्याची मांडणी मी वर्गात करीत आले. शीर्षकातील 'आमच्या' या शब्दावर मी भरभरून बोलत असे. दोन जिवांचे सहजीवन, वगैरे. एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, रमाबाई म्हणाल्या असत्या की मला नाही शिकायचं, तर?" वर्गात हशा पिकला. मी काहीतरी उत्तर देऊन पुढे गेले. घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले, तेव्हा त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

नाही म्हणण्याची मुभा त्या भूमिकेत नव्हती. पतीची आज्ञा म्हणून स्वयंपाक करावयाचा, तशीच पतीची आज्ञा म्हणून पुस्तक वाचावयाचे. आशय बदलला, पण नाते तेच राहिले. जुन्या पत्नीधर्माच्या खांद्यावर बसून नवी स्त्री घरात आली. ही विसंगती सर्वांत उघड दिसते ती आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यात. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण आणि अवघ्या काही दिवसांत गेलेले मूल. अभ्यास टाळून आनंदीबाई स्वयंपाकघरात रमलेल्या दिसल्या की गोपाळराव त्यांना मारीत, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. स्वयंपाक बिघडला म्हणून मारणारे नवरे त्या काळी घरोघरी होते. येथे स्वयंपाक केला म्हणून मार बसला. आनंदीबाई १८८३ साली एकट्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने वारल्या. त्यांचे कर्तृत्व त्यांचेच होते. सात समुद्रांपलीकडे परीक्षा देताना कोणाची आज्ञा उपयोगी पडत नाही. पण वाटेचा आरंभ आज्ञेत होता, हे नाकारून त्यांचा गौरव वाढत नाही.

असे असले तरी आज्ञेतून मिळालेले शिक्षण आज्ञेपुरते राहत नाही, हाही याच इतिहासाचा धडा आहे. रमाबाई रानडे पतीच्या पश्चात घरात बसून राहिल्या नाहीत. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम उभे राहिले, त्यात त्या प्रमुख होत्या. शिकविणारा निघून गेला आणि शिकलेली स्त्री उरली. 'आमच्या' आयुष्याच्या आठवणी लिहिणारा हात अखेर एकाच व्यक्तीचा होता.

५

ज्यांनी कोणाच्याही आज्ञेवाचून प्रश्न विचारले, अशा स्त्रियाही त्याच दशकात पुढे आल्या. १८८२ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी पंडिता रमाबाईंचे 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध झाले आणि ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' हेही त्याच वर्षी. पंडिता रमाबाईंचे ते पुस्तक आज वाचताना जुन्या वळणाचे वाटते. गृहिणीने कसे वागावे याचा उपदेश त्यात बराच आहे. पाचच वर्षांनी, १८८७ साली, त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकात बालविवाह आणि वैधव्य यांच्या मुळाशी असलेल्या शास्त्राधारालाच हात घातला. एकाच लेखिकेच्या दोन पुस्तकांत भूमिकेची पकड सुटताना दिसावी, असे उदाहरण विरळा.

ताराबाईंचे पुस्तक पाचशे प्रतींचे होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्यावरून वृत्तपत्रांत स्त्रीजातीवर झालेली आगपाखड, हे त्याचे निमित्त. ताराबाई बुलढाण्याच्या. त्यांनी केलेली गोष्ट दिसावयास साधी होती. स्त्रियांवर ठेविलेले एकेक दूषण उचलून त्यांनी पुरुषांच्या शेजारी ठेविले आणि हे तुमच्यात नाही काय, असे विचारले. तोवर चर्चा स्त्रीने कसे असावे याचीच होत होती. पुरुष हीदेखील एक घडविलेली भूमिका आहे आणि तीही तपासून पाहता येते, हे मराठीत इतक्या रोखठोकपणे प्रथमच मांडले गेले. त्यांच्या बाजूने जोतीराव फुले उभे राहिले. बाकी पुस्तक विस्मृतीत गेले ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. मधल्या त्र्याण्णव वर्षांत आमच्या वाङ्मयेतिहासाला त्याची उणीव भासली नाही, हे आम्हा समीक्षकांच्या भूमिकेविषयीही काही सांगते.

१८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी यांनी आपली पत्नी रखमाबाई हिने नांदावयास यावे म्हणून दावा लावला. लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि मोठी झाल्यावर तिने जाण्यास नकार दिला होता. १८८५ साली न्यायाधीश पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला; पुढे तो फिरला आणि १८८७ साली नांदावयास जावे किंवा सहा महिने तुरुंगात जावे, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पसंत केला. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. वर्गातल्या त्या मुलीने विचारलेला 'नाही' येथे उच्चारला गेला होता. तो उच्चारणारी मुलगी सुतार जातीतली होती. तिच्या आईचा पुनर्विवाह झाला होता, कारण त्या जातीत त्याची चाल होती. ज्या सुधारणेसाठी वरच्या जाती परिषदा भरवीत होत्या, ती अनेक जातींत जुनीच रीत होती. 'हिंदू स्त्रीची भूमिका' असे एकवचनी बोलणे किती फसवे आहे, ते यावरून कळावे.

६

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात 'माझी' हा शब्द मराठी शीर्षकांत स्थिरावला. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ ची, त्यांच्या भगिनी आनंदीबाई कर्वे यांचे 'माझे पुराण' १९४४ चे. दोघी बालपणी किंवा तारुण्यात विधवा झालेल्या. आनंदीबाई पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि मुरुड गावाने या कुटुंबाला वाळीत टाकले. पार्वतीबाईंनी पुन्हा विवाह केला नाही. केशवपन केलेल्या विधवेच्या वेशातच त्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत फिरल्या आणि पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. बहिणी दोन आणि दुःख एक. पण वाटा वेगळ्या, आणि प्रत्येकीने आपली वाट 'माझी' म्हणून सांगितली. 'माझे पुराण' या नावातला थट्टेचा सूरही लक्षात घ्यावा. पुराणे देवांची आणि राजांची असतात. संस्थेपायी चाललेली घरखर्चाची ओढाताण निभावणाऱ्या बाईचेही पुराण असते, असे त्या जणू सुचवितात.

या सर्वांत वेगळे पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. पतीच्या मागे जाणे हा पत्नीचा धर्म. तो धर्म पाळावा तर स्वतःचा धर्म जातो, अशा कोंडीत लक्ष्मीबाई सापडल्या. त्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे दूर राहिल्या, दुःखाने खंगल्या, जातिभेदाविषयीचा आपला विचार स्वतःच पारखून पाहिला आणि पटले तेव्हाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या सोवळ्याची गोष्ट त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच सांगितली आहे. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या त्या घरातून ही मुलगी निघाली होती. पती संतापी, उदार आणि लहरी. लक्ष्मीबाई त्याला देव करीत नाहीत आणि राक्षसही करीत नाहीत. त्या त्याला हसतात, आणि तितक्याच सहजपणे स्वतःलाही. ज्या पतीचे नावही पत्नीने उच्चारू नये असा संकेत होता, त्याच्यावर त्याच्याच मुलाबाळांदेखत प्रेमाने हसणारी पत्नी मराठी गद्यात अवतरणे, ही मला कायद्याइतकीच महत्त्वाची घटना वाटते. शीर्षकात ना 'माझी' ना 'आमची'. सर्वनामाचा आधार घेण्याची गरजच त्यांना वाटली नसावी.

७

येथवर सांगितलेली गोष्ट एखाद्या जिन्यासारखी दिसते. पहिल्या पायरीवर लपविलेले पान, दुसरीवर आज्ञेचे पुस्तक, तिसरीवर स्वतःचे लेखन. हा जिना मीही पुष्कळ दिवस खरा मानला. तो मोडला बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' या पुस्तकाने.

हे लेखन १९८२ साली 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. लेखिका फलटणच्या. घरी किराणा मालाचे लहानसे दुकान. पुड्या बांधण्यासाठी आणलेली जुनी वर्तमानपत्रे त्या वाचीत आणि सवडीने लिहीत. लिहिलेले कागद त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून, मुख्यतः पतीपासून, लपवून ठेविले, असे पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितले. राससुंदरींनी ताडपत्र चुलीपाशी दडविले त्याला तेव्हा सव्वाशे वर्षे होऊन गेली होती. विद्यापीठे निघाली, घटना आली, मतदान आले. फलटणच्या एका घरात पान लपविलेलेच राहिले.

हा केवळ मागासपणा समजणे चुकीचे होईल. ज्या बायकांविषयी बेबीताई लिहितात, त्यांना उंबरठा ओलांडण्यासाठी कोणाच्या सुधारणेची वाट पाहावी लागली नव्हती. लाकडे विकणे, शेतात राबणे, गावकीची कामे करणे हे त्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या होतेच. घराबाहेर पडणे म्हणजे मुक्ती, हे सूत्र त्यांच्या बाबतीत लागू पडत नाही. त्या बाहेर जातीखाली दबलेल्या आणि आत घरातील पुरुषाखाली. गावात मान खाली घालून वावरणाऱ्या पुरुषाला सत्ता गाजविण्यासाठी एकच जागा उरलेली असते, ती त्याचे घर. त्याची ही भूमिकाही जातीनेच घडविली आहे. बेबीताई हे सारे निर्भीडपणे सांगतात. आंबेडकरी चळवळीने आपल्याला माणूसपण दिले हे कृतज्ञतेने सांगतात आणि सुनांच्या छळाचे वर्णनही गाळत नाहीत.

त्यांच्या शीर्षकातील 'आमुचं' पाहा. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या' पतीला कवेत घेते. हे 'आमुचं' साऱ्या समाजाला. याचे पूर्वरूप १८५५ सालचे आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदया'त छापून आला. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे दुःख तिने त्यात मांडले. तो आवाज आणि बेबीताईंचा आवाज यांच्यामध्ये एकशे तीस वर्षांचे अंतर आहे, पण सर्वनाम एकच आहे.

ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ चे. आयदान म्हणजे कोकणात बांबूच्या कामट्यांपासून विणलेली सुपे-टोपल्यांसारखी वस्तू. वडिलांच्या पश्चात आईने ती विणून घर चालविले; आईची वीण आणि आपले लिहिणे यांतले नाते लेखिका दाखविते. या पुस्तकात पत्नीचे शिक्षण, नोकरी, सभा-संमेलने यांना उघड बंदी नाही. तरी तिचे उशिरा घरी येणे आणि पुढे जाणे पतीला खुपत राहते. पान आता लपवावे लागत नाही. मात्र ते उघडे ठेविल्याची किंमत रोज थोडी थोडी चुकवावी लागते.

८

१९५१ साली या देशात साक्षर स्त्रियांचे प्रमाण शंभरात नऊच्या आसपास होते. २०११ च्या जनगणनेत ते पासष्टाच्या आसपास गेले. हा बदल लहान नाही, आणि या लेखात आलेल्या स्त्रियांची पुण्याई त्यात आहे. परंतु २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणाचा एक आकडा त्याच्याशेजारी ठेवावा. घरातील बिनमोल कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर पुरुष ९७. स्त्रीच्या भूमिकेत शाळा, कचेरी, व्यासपीठ यांची भर पडली, पण चूल तिच्याकडून कोणी उतरवून घेतली नाही. स्त्रीची भूमिका वाढली आणि पुरुषाची मात्र फारशी बदलली नाही, असा या दोन आकड्यांचा एकत्रित अर्थ मला लागतो. ताराबाईंनी १८८२ साली पुरुषाच्या भूमिकेकडे बोट दाखविले होते. त्या प्रश्नाचे उत्तर अजून पुरते दिले गेलेले नाही.

राससुंदरींना पान दडवावे लागले ते कोणी पाहील म्हणून. आजच्या पुष्कळ घरांत पान टेबलावर उघडे असते, आणि ते वाचण्याची वेळ सापडत नाही.

ही पुस्तके ग्रंथालयांत शेजारीशेजारी ठेविलेली असतात. विद्यार्थ्यांनी ती वाचताना भाषाशैली, कालखंड, वाङ्मयप्रकार हे सर्व अवश्य पाहावे. त्याबरोबर आणखी एक साधा प्रश्न विचारावा, जो मी फार उशिरा विचारू लागले : ही ओळ लिहिली जात होती तेव्हा त्या घरात दिवसाची कोणती वेळ होती, आणि स्वयंपाक कोण करीत होते? पुरुषांची आत्मचरित्रेही याच प्रश्नासह वाचून पाहावीत. पुष्कळशा पुस्तकांत त्याचे उत्तर मिळणार नाही. ते न मिळणे हीदेखील एक नोंदच आहे.